अँकोरेजमध्ये एकच मोकळा दिवस: पॉटर मार्श, ईगल रिव्हर, किनाऱ्याची वाट की फ्लॅटटॉप?

अलास्काला जाणारे बहुतेक जण अँकोरेजला विमानानं उतरतात, रात्र काढतात आणि सकाळी उठून देनाली शिखराच्या नाहीतर स्यूअर्ड गावाच्या वाटेला लागतात. शहर नुसतं मुक्कामापुरतं. मला हे फार चुकीचं वाटतं. शहराच्या पूर्वेला लागूनच चुगाच स्टेट पार्क आहे, जवळजवळ २,००० चौरस किलोमीटरचं, आणि पश्चिमेला कुक इनलेटची खाडी. त्यामुळे मुलांना घेऊन निसर्ग बघायचा, शिकायचा तर एक अख्खा दिवस इथेच द्यावा. प्रश्न एवढाच, की तो कुठे घालवायचा?

आम्ही जुलैमध्ये गेलो तेव्हा सोबत दहा वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखीनं बेजार सासूबाई होत्या. तेव्हापासून मी विचारणाऱ्या प्रत्येकाला एकच उलटप्रश्न करते: तुमच्यातलं सगळ्यात हळू चालणारं माणूस एका जागी किती वेळ रमू शकतं? किती किलोमीटर चालवेल, हा हिशेब इथे दुय्यम. प्राणी-पक्षी मागे धावणाऱ्याला दिसत नाहीत, थांबणाऱ्याला दिसतात.

थांबण्यासाठी पॉटर मार्शसारखी जागा नाही. शहराच्या मध्यापासून साधारण १६ किलोमीटर दक्षिणेला, स्यूअर्ड हायवेला अगदी खेटून ही पाणथळ आहे. ती झाली रेल्वेमुळे. १९१७च्या सुमारास रुळांसाठी भराव घातला, डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांचं पाणी त्यामागे अडलं आणि तिथे पक्षी येऊ लागले. आज पाण्यावरून लाकडी फळ्यांची वाट नेली आहे, जेमतेम अर्ध्या किलोमीटरची. चढ-उतार नाही, कठडे आहेत, व्हीलचेअर सहज जाते आणि प्रवेशाला पैसे पडत नाहीत. सासूबाई आमच्यापेक्षा जास्त वेळ तिथे रेंगाळल्या, आणि पहिला मासा त्यांनीच पाहिला.

रॅबिट क्रीकवरच्या पुलावर कठड्याला टेकून त्या खाली बघत होत्या. ढोपरभर पाणी, तळाशी गोटे, आणि प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून स्थिर राहिलेला हातभर लांबीचा लालसर किंग सॅमन. मध्येच तो कुशीवर वळायचा आणि शेपटीनं गोटे उधळायचा. शेपटीची कड झिजून पांढरी पडली होती. ती मादी होती, अंडी घालायला खड्डा करत होती. गोड्या पाण्यात शिरल्यावर सॅमन खाणं सोडतात, पुढचं सगळं समुद्रात साठवलेल्या चरबीवर चालतं, आणि अंडी घालून झाली की मरतात. हे मी मुलीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आपण अजून थोडं थांबू या.’ या सहलीतला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला क्षण तोच.

पक्ष्यांसाठी मे ते जुलै चांगला. आर्क्टिक सुरय (आर्क्टिक टर्न) हे पक्षी इथे पिल्लं वाढवतात आणि मग थेट अंटार्क्टिकाकडे निघतात. घरट्याजवळ गेलात तर डोक्यावर झेप घेतात, म्हणून टोपी असू द्या. शरद ऋतूत दक्षिणेला जाणारे हंस उतरतात. दुर्बीण मात्र हवीच, नाहीतर अर्धे पक्षी नुसते ठिपके. उणी बाजू सांगायची तर हायवेचा आवाज सतत येत राहतो, आणि ज्यांना पाय मोकळे करायचे आहेत त्यांचा तासाभरात विरस होतो.

ईगल रिव्हर नेचर सेंटर याच्या अगदी उलट. शहरापासून साधारण ४० किलोमीटर, पाऊण तासाची ड्राइव्ह, आणि रस्ता संपतो तिथेच केंद्र. पुढे नुसती दरी. ही दरी हिमनदीनं कोरलेली आहे, म्हणून तिचा तळ पसरट आणि भिंती उभ्या. नदीचं पाणी राखाडी दिसतं, कारण बर्फानं दळलेल्या खडकाची पूड त्यात मिसळलेली असते. भूगोलाच्या पुस्तकात ‘यू’ आकाराच्या दरीची आकृती पाठ केलेली असते, इथे आपण त्या आकृतीत उभे असतो.

लहान मुलं असतील तर रोडॅक ट्रेल पुरेसा आहे, जेमतेम सव्वा किलोमीटरचा. बीव्हरनं (झाडं कुरतडून ओढ्यावर बांध घालणारा प्राणी) अडवलेल्या पाण्यावर लाकडी मचाण आहे, तिथे शिदोरी उघडू नका पण वेळ भरपूर काढा. जरा मोठी मुलं असतील तर अल्बर्ट लूप, सुमारे पाच किलोमीटर, बराचसा सपाट. वाटेत स्प्रूस आणि बर्चची झाडं. बर्चची साल कागदासारखी सुटते, आणि ‘भूर्जपत्र म्हणजे याच्याच भाऊबंदांची साल’ असं सांगितलं की आपल्या मुलांचे डोळे लकाकतात. उन्हाळ्याच्या अखेरीस या ओढ्यांमध्ये सॅमन येतात आणि त्यांच्या मागे अस्वलं. तेव्हा अल्बर्ट लूपची वाट बंद ठेवली जाते, म्हणून आधी केंद्रात विचारा. अस्वलं अर्धवट खाऊन टाकलेले मासे जंगलात कुजतात आणि समुद्रातलं पोषण झाडांच्या मुळांपर्यंत पोचतं. पॉटर मार्शला जी गोष्ट सुरू होते ती इथे पुढे जाते. केंद्रातली माणसंही विचाराल ते मनापासून सांगतात. गाडी लावायला शुल्क आहे.

तिसरा पर्याय टोनी नोल्स कोस्टल ट्रेल. शहराच्या मध्यापासून किनकेड पार्कपर्यंत किनाऱ्यानं जाणारी १८ किलोमीटरची डांबरी वाट. सायकल भाड्यानं मिळते, गाडी लागत नाही. ज्यांच्याकडे भाड्याची गाडी नाही त्यांनी फार विचार न करता हीच निवडावी, कारण वरच्या दोन्ही ठिकाणी गाडीशिवाय जाणं अवघड आहे. वाटेत अर्थक्वेक पार्क लागतं. २७ मार्च १९६४ला ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा इथली चिकणमातीची जमीन घरांसकट समुद्राकडे घसरली. आजही झाडांखाली जमिनीच्या वेड्यावाकड्या लाटा दिसतात. किनकेडच्या बाजूला मूस, म्हणजे इथलं थोराड हरीण, दिसण्याची शक्यता चांगली. हवा स्वच्छ असेल तर दूरवर देनालीही दिसतो.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. ओहोटीला खाडीचा राखाडी चिखल मैलभर उघडा पडतो आणि चालण्याजोगा वाटतो. त्यावर पाऊल टाकू नका. हिमनद्यांनी दळलेली ती बारीक भुकटी पाणी धरून असते. पाय रुतला की भोवती घट्ट बसते, आणि इथली भरती-ओहोटी नऊ मीटरच्या आसपास असल्यानं पाणी वेगानं परत येतं. मुलांना सायकलवरून उतरण्याआधीच हे बजावून ठेवा.

फ्लॅटटॉपबद्दल थोडक्यात. अलास्कातलं सगळ्यात जास्त चढलं जाणारं शिखर म्हणून त्याचा बोलबाला आहे. उंची सुमारे १,०७० मीटर, ग्लेन आल्प्सच्या पार्किंगपासून ४०० मीटरच्या आसपास चढ. सह्याद्रीत फिरणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल, पण शेवटचा टप्पा सुट्या दगडांचा आहे, हात टेकून चढावं लागतं आणि उतरताना जास्त त्रास होतो. तरुण मंडळींनी जरूर जावं. लहान मुलांना घेऊन मी जाणार नाही. त्याऐवजी पार्किंगपासूनच निघणाऱ्या छोट्या वाटेनं कठड्यापर्यंत जा, शहर आणि खाडी दोन्ही तिथून दिसतात.

कॅम्पबेल क्रीक सायन्स सेंटर शहरातच आहे आणि तिथला भर मुलांना शिकवण्यावरच आहे. पण तिथलं बरंचसं काम शाळांच्या गटांसाठी आणि ठरलेल्या कार्यक्रमांतून चालतं. तुमच्या तारखेला कुटुंबांसाठी काही असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून तिकडे जा.

कुठेही गेलात तरी मूस आणि अस्वल यांचे नियम वेगवेगळे आहेत, हे घोकून जा. अस्वलासमोर पळायचं नाही, शांतपणे बोलत मागे सरकायचं. मूसनं कान मागे पाडले, मानेवरचे केस उभे केले तर मात्र सरळ पळायचं आणि जाड झाडाआड व्हायचं. अस्वलाला पळवून लावायचा तिखट फवारा विमानात नेता येत नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि सामानातही नाही. तिथे पोचल्यावरच विकत घ्या. आणि पांढऱ्या छत्रीसारख्या फुलांचं उंच काऊ पार्सनिप दिसलं तर मुलांना हात लावू देऊ नका. त्याचा चीक लागून ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते.

आमच्यासारखी तीन पिढ्यांची मंडळी असतील आणि गाडी हाताशी असेल, तर मी ईगल रिव्हर आणि पॉटर मार्श एकाच दिवशी करायला सांगेन, पण सकाळी ईगल रिव्हर. मग खोलीवर परतून जेवण आणि आजी-आजोबांना वामकुक्षी. जुलैच्या मध्यात रात्री अकरापर्यंत सूर्य असतो, त्यामुळे पॉटर मार्शला आठ वाजता पोचलात तरी घाई नसते. तेव्हा हायवेवरची गाड्यांची रांग विरळ होते, उन्हं तिरकी होतात आणि पुलावरून पाण्याच्या तळापर्यंत दिसतं.