जुगार सोडवणारी अ‍ॅप्स: कुठलं ठेवायचं, कुठलं उडवायचं

जवळच्या मित्राला ऑनलाइन बेटिंगचा नाद लागलाय, त्यानेच एके दिवशी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला काय टाकायचं ते टाक बाबा. मग जुगार सोडवतो म्हणणारी जेवढी अ‍ॅप्स सापडली ती त्याच्या आणि माझ्या फोनवर टाकून बघितली. मोटामोटी दोन जाती आहेत. एक ब्लॉकर, जे जुगाराच्या साइट उघडूच देत नाहीत, आणि दुसरी डायरीवाली, म्हणजे किती दिवस खेळला नाहीत, किती पैसे वाचले, आज मूड कसाय वगैरे.

डायरीवाल्यांचं आधी सांगतो कारण माझा राग तिकडेच जास्त आहे. सुरुवात बरी असते. बऱ्याच ठिकाणी पीजीएसआय नावाची 9 प्रश्नांची चाचणी देतात, एकूण गुण 27, आणि 8 किंवा जास्त आले की प्रकरण हाताबाहेर गेलंय असं समजायचं. तोवर 'अरे टाइमपास आहे' म्हणणारा हा मित्र 'हरलेले पैसे काढायला दुसऱ्या दिवशी परत खेळलात का' या प्रश्नावर आला, 'जवळपास नेहमी' दाबलं आणि मग बराच वेळ बोललाच नाही. इथपर्यंत मानलं. पण त्यापुढे एका अ‍ॅपमध्ये (नाव घेत नाही) एक दिवस न खेळता गेला की स्क्रीनवर सोन्याची नाणी पडतात आणि खणखण आवाज येतो!! अरे ज्या आवाजापायी माणूस बुडाला तोच आवाज बक्षीस म्हणून? आणि फुकट व्हर्जनमध्ये खाली जाहिरात कसली, तर पत्ते खेळून पैसे जिंकायची. तिथल्या तिथे उडवलं.

दुसरी भानगड त्या दिवसांच्या आकड्याची. एकदा घसरलं की आकडा थेट शून्य. मग डोकं काय म्हणतं, झालंच आहे शून्य तर आज होऊन जाऊ दे, उद्यापासून नवीन मोजू. व्यसनातून बाहेर काढणाऱ्या लोकांना हा प्रकार चांगला माहितीये, पण अ‍ॅप बनवणाऱ्यांपर्यंत पोचलेला दिसत नाही. त्यातल्या त्यात एका अ‍ॅपमध्ये 'आत्ता खेळावंसं वाटतंय' असं बटण आहे ते मात्र कामाचं निघालं. दाबलं की टायमर लागतो आणि डोकं शांत असताना आपणच स्वतःला लिहून ठेवलेला मेसेज समोर येतो. मित्राने लिहिलंय 'आधी ताईला फोन कर मग बघू'. खेळायची उबळ कायम चढत नाही, चढते आणि उतरते, तेवढा वेळ काढायचा असतो. फक्त ते बटण दाबायचं सुचायला पाहिजे ना त्या वेळेला, आणि नेमकं तेव्हाच काही सुचत नसतं.

म्हणून माझं मत ब्लॉकरला. बेटब्लॉकर फुकट आहे, नाव-गाव विचारत नाही, एका धर्मादाय संस्थेचं आहे, आणि 24 तासांपासून 5 वर्षांपर्यंत बंदी लावता येते. गॅमबॅन नावाच्या दुसऱ्या ब्लॉकरला वर्गणी लागते. असे ब्लॉकर टाकताना फोन व्हीपीएनची (म्हणजे फोनचं इंटरनेट एका वेगळ्या वाटेने नेण्याची) परवानगी मागू शकतो, घाबरू नका, जुगाराच्या साइटची यादी त्यातूनच अडवली जाते. वर बारीक किल्लीचं चिन्ह दिसतं आणि बेटिंगची साइट टाकली की नुसतं पांढरं पान. लेक्चर नाही, काही नाही. ते पांढरं पान मला फार आवडलं.

भोकं पण आहेत. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतं, त्यामुळे दुसरं सुरू केलं की एका ब्लॉकरची भिंत गुपचूप पडली, साधी सूचनासुद्धा आली नाही. तसंच रोज नवीन नावाने उगवणाऱ्या साइट, त्यातली एक आरामात उघडली. म्हणून फोनच्या सेटिंगला पासवर्ड लावायचा आणि तो दुसऱ्याकडे ठेवायचा, आमच्या केसमध्ये ताईकडे. आणि घरातला दुसरा फोन, लॅपटॉप, टॅब सगळीकडे ब्लॉकर टाका, नाहीतर आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी.

पैशाचा नळ वेगळा बंद करावा लागतो, ते या अ‍ॅप्सच्या हातात नाही. ब्रिटनमधल्या मॉन्झो बँकेने 2018 मध्ये जुगाराचे व्यवहार अडवायचं बटण दिलं, आणि ते बंद करायचं म्हटलं तर 48 तास थांबावं लागतं. डोकं कुणाचं चाललं माहीत नाही पण जबरदस्त चाललंय, कारण दोन दिवसांत उबळ उतरलेली असते. तुमच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये असं काही असेल तर ब्लॉकरच्या आधी ते चालू करा.

आणि हो, ब्लॉकर टाकण्यापूर्वी बेटिंगच्या खात्यातली शिल्लक काढून घ्या, खातं कायमचं बंद करायची रिक्वेस्ट टाका आणि ती मंजूर झाल्याचा मेसेज बघून मगच बंदी सुरू करा. आमच्याकडे हे राहिलं असतं तर 'माझे पैसे आत अडकलेत, पाच मिनिटं काढ ना ब्लॉक' हे पहिल्याच आठवड्यात ऐकायला लागलं असतं.