संग्रहालयाचा निधी आधी कार्यक्रमांवर की वेबसाइटवर? नागपूर परिसरासाठी तुलना

नागपूर जिल्ह्यातलं एखादं महाविद्यालयाचं किंवा तालुक्याच्या गावचं छोटं संग्रहालय डोळ्यांपुढे आणा. खापरं आणि मणी भरलेली दोन-तीन कपाटं, व्हरांड्यात ठेवलेल्या काही मूर्ती, एक पगारी माणूस आणि एका वर्षाचा निधी. समितीत काही जण म्हणतात, गावोगावी कार्यक्रम घ्या. काही म्हणतात, वेबसाइट काढा. दोन्हींचा हेतू ‘लोकांपर्यंत पोचणं’ असाच लिहिला जातो, त्यामुळे एकाच्या जागी दुसरं चालेल असं वाटतं. पण कार्यक्रमातून गावाकडची माहिती संग्रहालयात येते, आणि वेबसाइटवरून संग्रहालयातली माहिती बाहेर जाते. आत किती पक्की नोंद आहे हे पाहिल्याशिवाय यातलं आधी काय करायचं ते ठरवता येत नाही.

वस्तू केवढी आहे?

नागपूरजवळच्या जुनापाणीची शिलावर्तुळं, म्हणजे प्राचीन दफनांभोवती मोठे धोंडे गोलात रचून केलेली वर्तुळं, फोटोत कळत नाहीत. काटोल रस्त्याच्या बाजूच्या या माळावर सुमारे ३०० वर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८७९ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली आणि १९६१-६२ च्या हंगामात पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी त्यातली काही उत्खनित केली. वरून काढलेल्या फोटोत मांडणी दिसते, पण एकेक धोंडा केवढा आणि मधला मुरूम-दगडांचा भराव किती उंच, हे वर्तुळाला पायी फेरी मारल्यावरच समजतं. काही दगडांवर वाटीसारखे कोरलेले खळगे आहेत. ऊन तिरपं असताना ते उठून दिसतात. डोक्यावर आलं की हरवतात. म्हणून फेरी सकाळी सातला सुरू करावी आणि साडेनऊच्या आत संपवावी. एका माहीतगारामागे १५ पेक्षा जास्त माणसं नकोत, मागच्यांना ऐकू जात नाही. जुनापाणी संरक्षित स्मारक आहे, तेव्हा गट नेण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला लेखी कळवावं. खापराचा तुकडासुद्धा कोणी उचलायचा नाही, हे गाडीतून उतरण्याआधीच सांगावं.

रामटेकजवळच्या नगरधनचं उलट आहे. तिथल्या उत्खननात सापडलेली, वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीवर उमटलेली मुद्रा जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब आहे. एवढ्याशा वस्तूभोवती वीस जण जमले तर बहुतेकांना ब्राह्मी अक्षरं दिसणारच नाहीत. बाजूने, अगदी खालून प्रकाश टाकून काढलेला फोटो मात्र मोबाइलवर दोन बोटांनी मोठा केला की अक्षर न् अक्षर वाचता येतं. नाणी, मणी, मुद्रा, ताम्रपट यांना वेबसाइट न्याय देते. वर्तुळं, तटबंदी, मनसरसारखी प्राचीन अवशेषांची टेकडी यांना पायपीटच लागते. तुमच्या संग्रहात आणि पंचक्रोशीत यातलं काय जास्त आहे ते आधी मोजा.

‘वस्तू दाखवा’ दिवस

व्याख्यानाला तेच तेच पन्नास लोक येतात. संग्रहालयाला खरी माहिती मिळते ती लोकांनी स्वतःच्या वस्तू आणून दाखवण्याच्या दिवशी, म्हणून कार्यक्रमांचा निधी आधी यावर खर्च करावा असं आमचं स्पष्ट मत आहे. गावचा आठवडी बाजार असेल तो दिवस निवडा, आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं आपसूक येतात. जागा ग्रामपंचायतीचं सभागृह किंवा जिल्हा परिषदेची शाळा. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी ऐन भरात असताना कोणाला वेळ नसतो, जानेवारी-फेब्रुवारी बरा.

तीन टेबलं लागतात. पहिल्यावर नाव, गाव, वस्तू कुठल्या वावरात किंवा विहिरीच्या कामात मिळाली, किती खोलीवर, कोणत्या वर्षी, एवढं लिहून क्रमांकाची चिठ्ठी द्यायची. दुसऱ्यावर करड्या कापडावर १० सेंटिमीटरची पट्टी ठेवून फोटो. चिठ्ठी फोटोत आलीच पाहिजे, नाहीतर संध्याकाळी कुठलं नाणं कोणाचं हे जुळत नाही. तिसऱ्या टेबलावर जाणकार, व्हर्नियर कॅलिपर आणि ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा. एका वस्तूला दहा-बारा मिनिटं धरा. म्हणजे तीन तासांत एक जाणकार फार तर १८ वस्तू पाहू शकतो. तेवढेच टोकन वाटा.

बिघडतं ते चार ठिकाणी. पहिलं, लोक तांब्याचं नाणं चिंचेनं किंवा लिंबानं घासून, लख्ख करून आणतात. आम्लानं वरचा थर जातो आणि त्याबरोबर अक्षरंही झिजतात. ‘जशी आहे तशी आणा, धुऊ नका’ ही ओळ फलकावर सगळ्यात मोठी हवी. दुसरं, किंमत विचारली जाते. ती कधीही सांगू नये. एकदा आकडा तोंडातून गेला की पुढची वस्तू संग्रहालयाकडे न येता व्यापाऱ्याकडे जाते. तिसरं, कोणी कौतुकानं वस्तू ठेवून जायला निघतो. त्या दिवशी काहीही ठेवून घ्यायचं नाही. दान स्वीकारायचं तर ते नंतर, लेखी आणि दाखल क्रमांकासह, म्हणजे नोंदवहीत त्या वस्तूला मिळणाऱ्या क्रमांकासह.

चौथं सगळ्यात नाजूक. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि काही प्रकारच्या पुराणवस्तूंची नोंदणी १९७२ च्या कायद्याने बंधनकारक आहे. हे गावच्या बैठकीत, सरपंचांच्या समोर, आठ दिवस आधी सांगा. ऐन वेळी सांगितलं तर ‘वस्तू जप्त करतात’ अशी बातमी शेजारच्या गावात पोचते आणि पुढचा दिवस रिकामा जातो.

या दिवसातून वस्तूंपेक्षा पत्ते जास्त मिळतात. मारुतीच्या देवळाला टेकवलेली वीरगळ (वीराच्या स्मरणाची कोरीव शिळा), धुऱ्यावर सरकवून ठेवलेले वर्तुळाचे धोंडे, विहीर खोदताना लागलेल्या मोठ्या विटा. शेतीसाठी जमीन सपाट होते आहे, मुरूम उचलला जातो आहे. यातली बरीच ठिकाणं कोणी नोंदण्याआधीच नाहीशी होतील, आणि म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये.

वेबसाइटचा खर्च कुठे जातो

पानं बनवण्यात नाही, नोंदींत. एका वस्तूचं मोजमाप, चारही बाजूंचे फोटो, दाखल नोंदवहीशी ताळा आणि शंभर शब्दांचं वर्णन यात साधारण ४० मिनिटं जातात. २०० वस्तूंचे झाले सुमारे १३३ तास. रोज दोन तास दिले तरी तीन महिन्यांचं काम. ठेकेदाराला पैसे देऊन हा भाग टळत नाही, कारण नोंदवहीतलं अक्षर आणि खुणा संग्रहालयातल्या माणसालाच उलगडतात.

जुन्या याद्या युनिकोडपूर्व, म्हणजे त्या-त्या संगणकावरच नीट दिसणाऱ्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतील तर वेबसाइटवर त्यांचं अगम्य चिन्हांत रूपांतर होतं. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं हमखास चुकतात, तेव्हा मुद्रितशोधनाचा वेळ वेगळा धरा. ‘माहुरझरी’ आणि ‘माहूरझरी’, ‘पुरातत्त्व’ आणि ‘पुरातत्व’ अशी दोन्ही रूपं शोधाच्या रकान्यात घाला. मूळ फोटो मोठ्या आकारात जपून ठेवा. वेबसाइटवर १६०० पिक्सेल रुंदीचा, ३०० केबीच्या आतला पुरे, कारण पाहणारा बहुधा मोबाइलवर असतो. नोंदींसाठी सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेची ‘जतन’ प्रणाली किंवा ओमेका हे मुक्त स्रोतातलं सॉफ्टवेअर पाहावं; बातम्यांसाठी घडवलेल्या साध्या ब्लॉगवर वस्तूंची यादी लवकरच गोंधळते.

वेबसाइट बंद पडण्याचं नेहमीचं कारण तांत्रिक नसतं. डोमेन एखाद्या प्राध्यापकांच्या खासगी ईमेलवर घेतलेलं असतं, ते निवृत्त होतात, नूतनीकरणाची सूचना कोणी वाचत नाही. डोमेन संस्थेच्या ईमेलवर आणि एकदम पाच वर्षांसाठी घ्यावं.

ठिकाण किती उघड करायचं

इथे वेबसाइटला कार्यक्रमापेक्षा जास्त धोका आहे. गुप्तधनाच्या नादात रात्री खोदणारे लोक विदर्भात आहेत, आणि असंरक्षित वर्तुळाचे अक्षांश-रेखांश टाकणं म्हणजे त्यांच्या हाती नकाशा देणं. संरक्षित, फलक लागलेली ठिकाणं खुशाल दाखवा. बाकीची तालुक्यापर्यंतच लिहा, आणि फोटोच्या फाइलमध्ये दडलेली स्थाननोंद अपलोड करण्याआधी पुसा. नेमकी जागा फक्त संग्रहालयाच्या नोंदवहीत राहील.

मग काय घ्यावं?

निम्म्याहून अधिक वस्तूंना दाखल क्रमांक किंवा सापडल्याचं गाव नसेल तर मोठी वेबसाइट काढू नका. वर्षभर कार्यक्रम घ्या, सोबत नोंदवही पुरी करा, आणि वेबसाइट म्हणून एकच पान ठेवा: पत्ता, वेळ, फोन, पुढचा कार्यक्रम, दहा उत्तम वस्तू. नोंदवही पक्की असेल आणि आठवड्यातले दोन दिवस देणारा माणूस हाताशी असेल, तर वेबसाइट आधी.

पैसा कसा येतो हेही पाहा. एकदाच मिळणारा निधी कॅमेरा, दिवे आणि छायाचित्रणावर घालावा. ते काम टिकतं. दर वर्षी थोडा-थोडा येणारा कार्यक्रमांना जुळतो. बिलं ३१ मार्चच्या आत लावायची म्हणून मार्चमध्ये घाईनं दिलेलं वेबसाइटचं कंत्राट जवळपास नेहमीच अर्धवट राहतं. त्या महिन्यात फेरीही नको, उन्हाचा चटका सुरू झालेला असतो. पावसाळ्यानंतर लगेच माळावर गेलात तर उंच गवतात धोंडे दिसत नाहीत. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ धरा.

काहीही आधी घेतलं तरी ‘वस्तू दाखवा’ दिवसाच्या अर्जावर तीन वेगळ्या चौकटी आजच छापून घ्या: वेबसाइटवर फोटो टाकायला संमती, मालकाचं नाव द्यायला संमती, गावाचं नाव द्यायला संमती. एकच सही सगळ्यांसाठी घेऊ नये, कारण बरेच जण फोटोला हो म्हणतात आणि नावाला नाही. नंतर वेबसाइट करायची ठरली आणि ही संमती हाती नसेल, तर प्रत्येकाच्या घरी पुन्हा जावं लागतं.