८० बोअरचा टाय-रॉड सिलिंडर: घ्यावा का, आणि घेतला तर कसा बसवावा

आठ टन जोराचा हायड्रॉलिक (ऑईलच्या दाबावर चालणारा) सिलिंडर मागितला की वाळूज-चिकलठाण्यापासून जालन्यापर्यंत कोटेशनमध्ये हमखास दिसणारा नग म्हणजे ८० बोअर (ट्यूबचा आतला व्यास, मिमी), ४५ रॉड (दांड्याचा व्यास, मिमी), १६० बार दाबाचा, चार टाय-रॉडनी (ट्यूबबाहेरच्या लांब बोल्टांनी) आवळलेला, आयएसओ ६०२०-२ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या मापांचा. हे परीक्षण एखाद्या कंपनीचं नाही, या जातीच्या मालाचं आहे. जिनिंगमधला लिंट पुशर (रुई प्रेसमध्ये ढकलणारा), प्रेसचा दरवाजा, पत्र्याच्या कामाची फिक्स्चर्स, साखर कारखान्यातली गेटं अशा जागी तो शोभतो. बेल प्रेसचा (रुईच्या गाठी दाबणाऱ्या यंत्राचा) मुख्य रॅम हे त्याचं काम नव्हे.

आमचं मत आधीच सांगतो: पिनवर झुलणाऱ्या जोडणीत ४०० मिमी स्ट्रोकपर्यंत (रॉड सरकण्याचं अंतर) निर्धास्त घ्या. त्यापुढे हिशेब केल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

८० बोअरचं क्षेत्रफळ ५०.३ चौ.सेमी. म्हणजे १६० बारला ढकलण्याची ताकद ८० किलोन्यूटन, साधारण ८.२ टन. ओढताना रॉडची जागा वजा होते, उरतात ३४.४ चौ.सेमी, ताकद ५५ किलोन्यूटन. ओढायचं काम असेल तर ‘आठ टनांचा’ हा शब्द विसरा, तो साडेपाच टनांचा आहे. सेकंदाला १०० मिमी वेग हवा असेल तर मिनिटाला ३० लिटर ऑईल लागतं. पॉवरपॅक (पंप, मोटर आणि टाकीचा संच) मिनिटाला २० लिटरच देत असेल तर सिलिंडर बदलून वेग वाढणार नाही.

खरी फसगत स्ट्रोकमध्ये आहे. मागे आय (पिनसाठी भोक असलेलं टोक), पुढे आय, दोन्हीकडे पिन, अशा जोडणीत रॉड पूर्ण बाहेर असताना पिन ते पिन अंतर मोजा. हे अंतर १२०० मिमीपर्यंत असेल तर ४५ चा रॉड साडेतीनच्या सुरक्षा गुणकासह पूर्ण ८० किलोन्यूटन सोसतो. स्ट्रोक ८०० केला की तेच अंतर दोन मीटरच्या आसपास जातं आणि सुरक्षित भार उरतो फक्त ३० किलोन्यूटन, म्हणजे जेमतेम ६० बार. अंतर दुपटीच्याही आत वाढलं, भार मात्र निम्म्याहून खाली आला, कारण वाकण्याचा भार लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. असा रॉड पहिल्या दिवशी वाकत नाही. आधी ग्लँडचं (रॉड जिथून बाहेर येतो त्या तोंडाचं) बुश एका बाजूने खातो, मग गळती सुरू होते, आणि फिटर सील किटवर सील किट बदलत बसतो.

यावर विक्रेता ५६ चा जाड रॉड सुचवतो. सल्ला बरोबर आहे. दोन मीटरला तो ७१ किलोन्यूटन सोसतो, म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा) १४० बारला लावून काम भागतं. पण जाड रॉडमुळे रॉडकडचं क्षेत्रफळ २५.६ चौ.सेमी राहतं, बोअरच्या जवळपास निम्मं. आता रॉडच्या बाजूला मीटर-आउट फ्लो कंट्रोल (बाहेर जाणारं ऑईल आवळणारा) लावून तो जास्त आवळला, तर मागून १४० बार देताना पुढे २७५ बारपर्यंत दाब साठू शकतो. गेज पंपाजवळ असतो, तो १४० च दाखवतो. इकडे रॉड सील ग्लँडच्या फटीत घुसून फाटलेलं असतं. जाड रॉड घेतला की ढकलण्याच्या दिशेला मीटर-इन (आत जाणारं ऑईल आवळणारा) ठेवा. भार पुढे ओढणारा असेल तर मीटर-इन चालत नाही, तिथे काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह (भार स्वतःहून पळू न देणारा) लागतो. काहीही असो, पुढच्या पोर्टवर एक गेज कायमचा बसवा. स्वस्त गोष्ट आहे, आणि ती नसल्यामुळेच बरेच वाद होतात.

माउंटिंगमध्ये हा नग चांगला आहे, कारण पर्याय भरपूर आहेत. भार ढकलायचा असेल तर मागचा फ्लँज, ओढायचा असेल तर पुढचा, म्हणजे बोल्टवर ताण कमीत कमी येतो. पायावर बसवायचा असेल तर एक लक्षात ठेवा: ताकद सिलिंडरच्या मध्यरेषेवर आहे आणि बोल्ट खाली आहेत, म्हणून तो उलथायला बघतो. जोर बोल्टवर सोडू नका, एका टोकाला शिअर की (आडवा जोर झेलणारी चावी) द्या. दोन्ही टोकांना डॉवेल (घट्ट बसणाऱ्या पिना) ठोकून जखडायचा मोह आवरा, दाबाखाली सिलिंडर लांबतो, त्याला सरकायला जागा हवी. साधी आय एकाच प्रतलात फिरते. फ्रेम वेल्डिंगची असेल आणि समांतरपणाची खात्री नसेल तर स्फेरिकल बेअरिंगची आय घ्या, दोन्ही पिन एकाच दिशेत ठेवा. तपासणी सोपी आहे: रॉड पूर्ण आत असताना पिन हाताने घाला, मग पूर्ण बाहेर काढून तीच पिन पुन्हा घालून बघा. हातोडी लागली तर अलाइनमेंट चुकलं. हे करताना भार बांधलेला आणि दाब शून्यावर हवा.

माल आल्यावर पोर्टचे प्लग जागेवर आहेत का ते पाहा आणि रॉडला मायक्रोमीटर लावा. ४५ च्या एफ७ (मापातल्या सवलतीची श्रेणी) रॉडचं माप ४४.९५० ते ४४.९७५ मिमीत पडायला हवं. पुरवठादाराकडे दीडपट दाबाच्या, म्हणजे २४० बारच्या चाचणीचा कागद मागा. चाचणी दोन्ही टोकांना झालेली हवी.

स्थानिक वर्कशॉपचा वेल्डेड सिलिंडर याला पर्याय ठरतो. कोणत्याही लांबीत लवकर मिळतो आणि बारीक असल्याने अडचणीच्या जागी बसतो. पण पोर्ट वेल्ड केल्यावर ट्यूब आतून आवळते. होनिंग (ट्यूब आतून घासून गुळगुळीत करणं) वेल्डिंगनंतर झालंय का हे विचाराच. टाय-रॉडचा फायदा दुरुस्तीत कळतो: चार नट सोडले की आतलं सगळं हातात. तोटाही त्याच नटांत आहे. ढिले पडले की ट्यूब आणि एंड कॅपच्या सांध्यातून ऑईल पाझरतं. आवळताना समोरासमोरचे नट आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. एक नट आधी पूर्ण घट्ट केला की ट्यूब तिरकी बसलीच.

आता इथल्या हवेकडे येऊ. परभणी, सेलू, मानवतच्या जिनिंगमध्ये रुईचा तंतू वायपरच्या (रॉड पुसणाऱ्या सीलच्या) ओठाखाली गुंडाळला जातो आणि रॉडवर ऑईलची पातळ रेघ दिसू लागते. सील चांगलं असूनही. दुहेरी ओठाचा वायपर घ्या आणि आठवड्याला तंतू हाताने काढा. कॉम्प्रेसरची हवा ग्लँडवर मारली की तंतू आत जातो. उन्हाळ्यात ४६ नंबरचं (ऑईलच्या घट्टपणाचा नंबर) ऑईल पातळ पडतं, ६८ बरं. टाकीचं तापमान ६० अंशांच्या पुढे सतत राहत असेल तर आधी कूलर बघा. नवीन बॅरलमधलं ऑईलही १० मायक्रॉनच्या फिल्टरमधूनच टाकीत सोडा.

पिस्टन सील गेलं की नाही हे अंदाजाने ठरवू नका. भार काढा, रॉड पूर्ण बाहेर घ्या, दाब सोडून रॉडकडची होज काढा, व्हॉल्व्हकडचं टोक प्लग करा, मग मागून दाब द्या. उघड्या पोर्टमधून ऑईल वाहत राहिलं तर सील गेलं. तो पोर्ट बादलीकडे वळवा, हात किंवा चेहरा समोर नको. नवीन सील बसवल्यावर दाब न देता सावकाश स्ट्रोक मारून हवा काढली नाही, तर हवा दाबाखाली पेटते आणि सीलची कड जळून काळी पडते. जुनं सील काढताना कड काळी दिसली तर दोष सीलच्या दर्जाचा नाही.

हंगाम संपल्यावर रॉड पूर्ण आत घेऊन ठेवा, बाहेर राहिलेल्या भागावर ग्रीस आणि कागद गुंडाळा. काढून ठेवलेला सिलिंडर ऑईलने काठोकाठ भरून, पोर्टला लोखंडी प्लग आवळून, पत्र्याच्या शेडमध्ये टाकू नका. कोंडलेल्या ऑईलचा दाब दर अंशाला सुमारे १० बारने चढतो. सकाळी २५ अंशांना बंद केलेला नग दुपारी ४२ ला पोचला की १७० बार झालेच, पंप बंद असताना. आत थोडी हवा राहू द्या. मशीनवरच ठेवायचा असेल आणि लाइनमध्ये पायलट चेक व्हॉल्व्ह (ऑईल कोंडून धरणारा) असेल, तर त्या पोर्टला छोटा रिलीफ व्हॉल्व्ह ऑर्डर देतानाच मागून घ्या.