‘मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स’: दोन पुस्तकांचं एक केलं, पण घ्यावं कुणी?

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ. त्याच्या पाचव्या आवृत्तीतल्या या २८८ पानी पुस्तकात नवा माल थोडा आणि जुन्याची फेरमांडणी जास्त आहे. २०१६चं ‘व्होलोज गाइड’ आणि २०१८चं ‘टोम ऑफ फोज’, मुख्यतः या दोन्हींतले अडीचशेवर राक्षस आणि तिसाहून जास्त वंश (खेळाडूच्या पात्राची जमात) दुरुस्त करून एका जागी आणलेत. छापील किंमत ४९.९५ डॉलर, म्हणजे चार हजारांच्या वर. जळगाव-धुळ्याला मागवायचं तर कुरिअर वेगळं.

डीएमसाठी (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) यातलं खरं काम जादूगार राक्षसांवर झालंय. जुन्या पुस्तकांत त्यांच्यापुढे स्पेलची (मंत्रांची) लांबलचक यादी असायची, मग ऐन लढाईत प्लेअर्स हँडबुक हे मूळ नियमांचं पुस्तक उघडून एकेक स्पेल शोधत बसा. आता मुख्य हल्ला राक्षसाच्या चौकटीतच दिलाय, बाकीचे स्पेल ‘दिवसातून इतक्यांदा’ असे मोजून. लढाई भराभर पुढे सरकते. पण तो हल्ला आता स्पेल राहिलेला नाही, त्यामुळे काउंटरस्पेल (समोरच्याचा स्पेल हाणून पाडणारा स्पेल) त्याच्यावर चालत नाही. विझार्ड (जादूगार पात्र) घेऊन बसलेला खेळाडू यावर हमखास कुरकुरणार, आणि त्याचं चुकतंय असं नाही.

वंशांमध्ये +२ आणि +१ ताकद, चपळाई अशा हव्या त्या गुणांना लावता येतात. छोट्या विश्रांतीनंतर परत मिळणाऱ्या बऱ्याच शक्ती आता प्रोफिशन्सी बोनसइतक्या (पात्राच्या लेव्हलनुसार वाढणारा आकडा) वेळा मिळतात, त्याही लाँग रेस्टपर्यंत (मोठ्या विश्रांतीपर्यंत). कोबोल्ड या वंशाचं पॅक टॅक्टिक्स (सोबती जवळ असला की हल्ल्यात मिळणारा फायदा) मात्र गेलं. २०२४च्या हँडबुकसोबत खेळणार असाल तर वंशाचे +२/+१ सोडून द्या, ते तिथे बॅकग्राउंडमधून (पात्राच्या पूर्वायुष्यातून) येतात. नवखी मंडळी दोन्हीकडचे बोनस धरतात आणि पहिल्याच लेव्हलला पात्र फुगवून ठेवतात.

गाळलं काय, तर गोष्टी. जुन्या पुस्तकांतली माइंड फ्लेअर, गिथ या जमाती आणि ब्लड वॉर या युद्धावरची प्रकरणं इथे नाहीत. स्वतःचं जग रचणाऱ्या डीएमला तोच भाग सगळ्यात जास्त उपयोगी पडायचा. दोन्ही जुनी पुस्तकं कपाटात असतील तर हे घेऊ नका. दोन्ही नसतील, तर एका टेबलमागे एक प्रत वर्गणी काढून घ्या. यात क्लास (योद्धा, विझार्ड असे पात्रांचे पेशे) नाहीत, मूळ नियम नाहीत. नुसत्या या पुस्तकावर खेळ उभा राहत नाही.

विक्रीची पद्धत मात्र पटत नाही. जानेवारी २०२२ मध्ये हे पुस्तक आलं ते फक्त १६९.९५ डॉलरच्या गिफ्ट सेटमध्ये, ‘झॅनाथर’, ‘टाशा’ ही आधीची दोन नियमपुस्तकं आणि डीएम स्क्रीन (डीएमसमोरचा आडपडदा) यांच्यासह. सुटं मिळालं मे महिन्यात. ज्यांच्याकडे ही दोन आधीच होती त्यांनी एका पुस्तकासाठी चार वस्तूंचे पैसे मोजायचे का?

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी एसआरडी ५.२ (मूळ नियमांची अधिकृत संहिता) उतरवून घ्यावी. फुकट आहे, साडेतीनशेहून जास्त पानांची आहे, आणि क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यामुळे झेरॉक्सवाल्याकडून छापून घेणं पूर्ण कायदेशीर आहे. ए-फोरवर दोन्ही बाजूंनी काढा, स्पायरल मात्र तीन करा: पात्रं, स्पेल, राक्षस. एकाच जाड स्पायरलमध्ये पानं भोकांपाशी फाटतात, आणि स्पेलची वही तर सारखी हातोहात फिरत असते. एसआरडीत प्रत्येक क्लासला एकच सबक्लास (क्लासचा उपप्रकार) आहे, बीहोल्डर (अनेक डोळ्यांचा प्रसिद्ध राक्षस) नाही. पण लेव्हल पाचपर्यंत काही अडत नाही.

छापील प्रत घेतलीच, तर कुरिअरचं खोकं फोडताना आधी कोपरे बघा. भारी पुस्तक खोक्यात सैल असेल तर कोपराच आधी चेपतो. अक्षरांच्या कडा राखाडी, धूसर दिसल्या तर प्रत स्कॅन करून छापलेली आहे, लगेच परत करा. भुसावळच्या मे महिन्यात पुस्तक गाडीच्या डिकीत ठेवू नका, बाइंडिंगचा डिंक सैल होतो. आणि भरीत पार्टीला खेळ रंगणार असेल तर झेरॉक्सच न्या. गुळगुळीत कागदावर पडलेला तेलाचा डाग जात नाही.