स्वीटकॉर्नसाठी सोलर झटका फेन्स: दोन उन्हाळे वापरल्यानंतरचा अनुभव

अमेरिकेत पूर्वेकडे घरामागे मका लावणाऱ्या मंडळींसाठी लिहितेय, कारण दर ऑगस्टमध्ये ओळखीच्यांपैकी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच की वीकेंडला काढू म्हणून ठेवलेली कणसं रात्रीत कुणीतरी साफ केली. तो कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा रॅकून, डोळ्यांभोवती काळा पट्टा आणि शेपटीवर कडी असलेला, रात्री हिंडणारा इकडचा जंगली प्राणी.

आधी निकाल सांगते. दोन तारांची, सोलरवर चालणारी इलेक्ट्रिक फेन्स मी दोन उन्हाळे वापरली आणि रॅकूनसाठी याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही मला मिळालेलं नाही. हरणांसाठी तिचा उपयोग अर्धामुर्धा, पाखरं आणि खारींसाठी शून्य. आणि तार लावून तिच्याकडे परत बघितलंच नाही तर रॅकूनसाठीही शून्य, हे आत्ताच सांगून ठेवते.

आमचं घर सेंट्रल न्यू जर्सीत, मागे ओढा आणि झाडी, म्हणजे रॅकूनला लागतं ते सगळं हाताशी. मका मी चार ओळींच्या चौकोनात लावते, कारण मक्याचं परागण वाऱ्यावर होतं आणि एकच लांब ओळ लावली की कणसं विरळ दाण्यांची निघतात. मे महिन्याच्या मध्यात माती गरम झाली की बी टाकायचं, जुलैत तुरे येतात, आणि कणसाचे केस बाहेर पडल्यापासून साधारण तीन आठवड्यांत कणीस तयार होतं. खरी जोखीम या तीन आठवड्यांच्या शेवटच्या आठवड्यात असते, दाणा दुधात आला की. नखाने दाणा फोडला आणि पांढरा चीक उडाला की आपण म्हणतो अजून दोन दिवस थांबू, आणि रॅकून त्याच रात्री येतो. त्याला तो वास कसा कळतो देव जाणे पण अंदाज कधी चुकत नाही.

नुकसान बघून चोर कोण ते कळतं, आणि हे कळणं महत्त्वाचं आहे कारण प्रत्येकाचा बंदोबस्त वेगळा. रॅकून ताटावर चढतो, त्याच्या वजनाने ताट मोडून आडवं पडतं, मग तो कणसाची पाती पुढच्या दोन पंजांनी वरून खाली ओढून सोलतो, वरचे थोडे दाणे खातो, कणीस तिथंच टाकतो आणि पुढच्या ताटाकडे जातो. पोट भरेपर्यंत नाही, कंटाळा येईपर्यंत. सकाळी ताटं एकमेकांवर आडवीतिडवी पडलेली, अर्धी खाल्लेली कणसं चिखलात, आणि ओल्या मातीत पाच बोटांचे पंजे, अगदी लहान मुलाने हात टेकवल्यासारखे. खार ताट पाडत नाही, ती उभ्या ताटावरच कणीस कुरतडते. हरीण आलं असेल तर कोवळे शेंडे आणि तुरे वरून तोडलेले दिसतात. आणि शेंड्याकडची पाती चिरफाडून नुसते टोकाचे दाणे टोचलेले असले तर ते काळे पक्षी, इकडे ब्लॅकबर्ड नाहीतर ग्रॅकल.

फेन्सच्या आधीच्या वर्षी आमचा जवळजवळ सगळा मका असाच गेला होता. तेव्हा लोकांनी सांगितलेलं बरंच करून बघितलं. रात्रभर रेडिओ लावला, मोशन लाइट लावला, तिखट फवारलं, सलूनमधून केस आणून टाकले, कडेने भोपळ्याचे काटेरी वेल सोडले. एकदोन रात्री फरक पडल्यासारखा वाटतो, मग त्याला कळतं की यातलं काहीच आपल्याला इजा करत नाही. रॅकून हुशार जनावर आहे, कचऱ्याच्या डब्याची कडी उघडतो, त्याला रेडिओवरच्या गप्पांची काय भीती. काहीजण डांबराच्या गोळ्या टाकायला सांगतात, ते मात्र कृपा करून करू नका, ते विष आहे, खायच्या पिकाजवळ मातीत टाकायची वस्तू नाही, आणि लहान मुलं गोळ्या उचलून तोंडात घालतात.

शेवटी ही फेन्स घ्यायचं ठरलं ते सासऱ्यांशी बोलून. ते यवतमाळकडे शेती करतात, तिथं रानडुकरांसाठी झटका मशीन असतं ना, तत्त्व अगदी तेच. मशीन साधारण सेकंदाला एक ठोका सोडतं, व्होल्ट हजारोंनी पण तो ठोका इतका निमिषभराचा आणि त्यातली ऊर्जा इतकी कमी की जनावर दचकून पळतं, मरत नाही. सासरे फोनवर म्हणाले, "तारेले गवत नको लागू देऊ, बाकीचं मशीन पाहून घेते." दोन वर्षांनी सांगते, यापेक्षा कामाची सूचना मॅन्युअलमध्येही नाही. आणि एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली ती मीही सांगते, घरातल्या प्लगमधून थेट तारेत लाइट कधीही सोडायची नाही. आपल्याकडे भारतात दरवर्षी अशा तारांना चिकटून माणसं आणि जनावरं मरतात. झटका मशीनच वापरायचं, तेही सेफ्टीचं सर्टिफिकेट असलेलं.

मी घेतलं ते छोट्यातलं सोलर युनिट, बॅटरी आतच बसवलेली, बागेपुरतं भरपूर. सोबत पॉलीवायर म्हणजे प्लास्टिकच्या दोरीत विणलेली बारीक तार, पायाने दाबून रोवायचे फायबरग्लासचे खांब, जमिनीत ठोकायचा ग्राउंड रॉड, गेटसाठी रबरी मुठीचं हँडल आणि तारेत किती व्होल्ट आहेत ते दाखवणारा टेस्टर. सगळं मिळून सव्वादोनशे डॉलरच्या आसपास गेलं. लाकडी खांब घेऊ नका, त्यावर रॅकून चढतो. खालची तार जमिनीपासून ६ इंचांवर आणि वरची १२ इंचांवर, बस्स. लोकांना ही उंची बघून हसू येतं, एवढ्याशा तारेने काय होणार म्हणून, पण रॅकून उडी मारणारा प्राणी नाही, तो हुंगत हुंगत खालून किंवा मधून घुसायला बघतो आणि तारेला पहिलं लागतं ते त्याचं ओलं नाक. अंगावर दाट केस असतात, तिथं झटका नीट बसत नाही, नाकाला बसलेला विसरत नाही.

गेल्या वर्षी मी कोपऱ्यात ट्रेल कॅमेरा, म्हणजे हालचाल झाली की आपोआप टिपणारा कॅमेरा, लावला होता, त्यात हे स्पष्ट दिसलं. एक मोठा रॅकून ओढ्याकडून आला, खालच्या तारेपाशी थांबला, मान पुढे केली आणि एकदम मागे उडाला. पळून नाही गेला. थोडं लांब बसून पुढचे पंजे चोळत राहिला, मग दुसऱ्या कोपऱ्यावर जाऊन तेच केलं आणि तेच झालं. त्यानंतरच्या रात्रींना तो दिसायचा तो फेन्सला लांबून वळसा घालून जाताना.

म्हणूनच फेन्स कधी चालू करायची हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. कणीस तयार व्हायच्या किमान दोन आठवडे आधी ती चालू पाहिजे, म्हणजे केस नुकते निघालेले असताना. एकदा त्याने गोड दाणा चाखला की तो झटका सोसूनही आत घुसायला बघतो. चव लागायच्या आधीच नाकाला झटका बसला की मग त्याला आतमध्ये काय आहे हेच कळत नाही. बाकी संध्याकाळी चालू आणि सकाळी बंद एवढं पुरतं, रॅकून रात्रीचाच येतो. मी मात्र ग्राउंडहॉगसाठी (बीळ करून राहणारा, दिवसा चरणारा खारीच्या जातीतला मोठा प्राणी) दिवसाही चालू ठेवायला लागले, आणि खालच्या तारेने त्याचाही बऱ्यापैकी बंदोबस्त झाला.

आता देखभाल, आणि इथंच बहुतेकांची फेन्स फेल जाते. तारेला गवताचं एक पातं लागलं तरी करंट त्यातून जमिनीत उतरतो. तारेखालची पट्टी मी दर आठवड्याला साफ करते. मक्याची पानंही बाहेर लोंबतात, म्हणून तार शेवटच्या ओळीपासून दोन फूट तरी लांब ठेवा. गेल्या ऑगस्टमध्ये जोरदार वादळ झालं, एका बाजूची ताटं वाकून तारेवर पडली, आणि टेस्टरवर नेहमी सहा हजाराच्या वर दिसणारा आकडा दोन हजारावर आला होता. ताटं उभी करून, बुंध्याला माती लावून, तार मोकळी केली तेव्हा परत वर गेला. मी चार हजाराच्या खाली आकडा दिसला की कारण शोधायला लागते. टेस्टरचे पैसे वाचवू नका, मशीनचा टिकटिक आवाज येतोय म्हणजे तारेत दम आहे असं अजिबात नाही.

दुसरं म्हणजे ग्राउंडिंग. झटका बसतो तो तारेतून जनावराच्या अंगातून मातीत आणि मातीतून रॉडवाटे परत मशीनकडे असा फेरा पूर्ण झाला तरच. जुलैत पाऊस ओढ देतो, माती कोरडी ठाक होते आणि झटक्याचा जोर जातो. रॉड ओलसर जागी खोल ठोका आणि उन्हाळ्यात रॉडपाशी बादलीभर पाणी ओतत जा, फरक लगेच आकड्यात दिसतो. तारेच्या बाहेरच्या अंगाला पेंढ्याचं किंवा प्लास्टिकचं मल्च म्हणजे आच्छादन टाकू नका, त्यावर उभ्या जनावराचा जमिनीशी संबंधच तुटतो. आणि नवीन युनिट आणलं की लगेच कामाला लावू नका, स्विच बंद ठेवून दोनतीन दिवस कडक उन्हात चार्ज होऊ द्या. आमच्याकडे सलग ढगाळ हवा असली तरी बॅटरी तशी टिकली, त्या बाबतीत तक्रार नाही. तक्रार आहे ती सोबत आलेल्या प्लास्टिकच्या क्लिपांबद्दल, एका हिवाळ्यात ठिसूळ होऊन तुटल्या, वेगळे इन्सुलेटर आणावे लागले.

हरणांचं सांगायचं तर १२ इंचांची तार त्यांच्या गिनतीतच नाही. मी तिसरी तार साधारण तीन फुटांवर ओढली आणि तिला अॅल्युमिनियम फॉइलच्या पट्ट्या अडकवून त्यावर पीनट बटर लावलं. हरीण वासाने येतं, जिभेने चाटतं आणि झटका तिथंच बसतो. याने येणं खूप कमी झालं, बंद नाही झालं. ज्यांच्याकडे हरणांचे कळप येतात त्यांनी सरळ सात-आठ फुटांची जाळी मारावी, दुसरा मार्ग नाही.

पाखरांसाठी काम दोन टप्प्यांत. कावळे उगवलेला कोंब उपटून खालचा दाणा खातात, म्हणून रोपं वीतभर होईपर्यंत मी वर हलकं रो-कव्हर, म्हणजे रोपांवर घालायचं पातळ कापड, घालते. नंतर दाणे भरताना कणसावर कागदी पिशवी चढवून बुडाशी बांधते, पण केस तपकिरी होऊन सुकल्यावरच. त्यातला एकेक केस म्हणजे एकेक दाणा, पराग बसायच्या आधी पिशवी घातली तर कणीस बोळकं निघेल. खारींवर पिशवीचाही फारसा इलाज नाही, ती कागद फाडते. थोडी कणसं त्यांची असं धरूनच मी लावते.

पिंजरा लावून रॅकून पकडा असं बरेच जण सुचवतात. मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे. इकडे पूर्व किनाऱ्यावर रेबीजचा सगळ्यात मोठा वाहक रॅकूनच आहे, त्याच्या विष्ठेतल्या जंताची अंडी माणसाच्या मेंदूपर्यंत नुकसान करू शकतात, आणि पकडलेलं जनावर परवानगीशिवाय दुसरीकडे नेऊन सोडणं बऱ्याच राज्यांत बेकायदेशीर आहे. शिवाय एक हलवला की रिकाम्या जागेत दुसरा येतो. बागेत कुठं त्याच्या विष्ठेचा ढीग दिसला तर मुलांना तिकडे जाऊ देऊ नका आणि उघड्या हाताने साफ करू नका.

फेन्स घ्यायच्या आधी टाउनशिपच्या झोनिंग ऑफिसला एक फोन करा, काही गावांत घराच्या आवारात इलेक्ट्रिक फेन्स चालत नाही, आणि एचओए म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना असेल तर त्यांचे नियम वेगळे. पिवळी पाटी दोन्ही बाजूंना लावा. शेजारची मुलं आमच्याकडे खेळायला येतात, त्यांच्या आईवडलांना मी आधीच सांगितलं होतं आणि मुलं यायची असली की स्विच बंद असतो. घरात कुणाला पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

पैशाचा हिशोब करणाऱ्यांना सांगते, ऑगस्टमध्ये इथल्या फार्म स्टँडवर मका इतका स्वस्त असतो की एका सीझनमध्ये हे पैसे वसूल होत नाहीत. पण तोडल्या क्षणापासून कणसातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, आणि मी लावते ती सिल्व्हर क्वीनसारखी जुनी पांढरी जात असेल तर हे फार पटकन होतं. दुपारी तोडलेलं कणीस तासाभरात निखाऱ्यावर भाजून, लिंबू-तिखट-मीठ चोळून खाल्लेलं आणि दुकानातलं, यांची बरोबरी होऊच शकत नाही. या वर्षी आमच्या घरचं खाऊन झालं, शेजारी दोन घरांत गेलं आणि काही दाणे काढून फ्रीझरमध्येही पडले.

मोठी बाग असेल आणि टोमॅटो, घेवडा, मका सगळंच राखायचं असेल तर पॉलीवायरऐवजी तयार इलेक्ट्रिक जाळी घ्या, महाग आहे पण ससेही अडतात. चारपाच ओळींच्या मक्यासाठी दोन तारा पुष्कळ झाल्या. सीझन संपला की युनिट पूर्ण चार्ज करून, स्विच बंद करून घरात ठेवा, आणि हिवाळ्यात अधूनमधून एखाद्या दिवशी उन्हात काढा, नाहीतर वसंतात बॅटरी मेलेली निघते.