पितळी स्टोव्हचे सुटे भाग विमानाने: टपाल, कुरिअर की स्वतःची बॅग?

पंपाच्या जुन्या स्टोव्हचं दुखणं बहुतेक वेळा बर्नरमध्ये किंवा पंपात असतं, पण तो दुरुस्तीसाठी विमानाने पाठवायचा म्हटलं की अडते ती टाकी. म्हणून पहिला सल्ला हाच, की शक्य असेल तर टाकी घरीच ठेवा आणि बर्नर, पंपाची दांडी, झडप आणि तेलाचं झाकण एवढंच पाठवा. टाकी पाठवणं भागच असेल तर खालच्या तिन्ही मार्गांचा खर्च आणि कटकट दोन्ही वाढतात.

इथे विचार आहे तो स्वीडिश घराण्याच्या स्टोव्हचा: स्टॉकहोमला 1892 मध्ये सुरू झालेला प्रायमस आणि त्याच धाटणीचे ऑप्टिमस, स्वेआ, राडियस. आपल्याकडे कितीतरी घरांच्या माळ्यावर यातला एखादा सापडतो. टाकीचे पोचे आपल्या तांबट आळीतला कारागीरही नीट काढतो. बर्नरचा फुटलेला जोड भरणं किंवा मूळ मापाचा निपल (इंधनाच्या वाफेची धार सोडणारं बर्नरचं बारीक भोकाचं टोक) मिळवणं यासाठी मात्र भाग युरोपातल्या जाणकारांकडे जातात.

खाजगी एक्स्प्रेस कुरिअर

वेगवान आणि जागोजागी माग लागणारा मार्ग, पण पैसे आकारमानाचे लागतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं. हे वजन आणि काट्यावरचं वजन यांत जे जास्त, त्यावर बिल. अख्खा स्टोव्ह पायांसकट 30×30×30 च्या खोक्यात घातला तर हिशेब 5.4 किलोचा होतो, मग आत पितळ दीड किलोचं का असेना. पाय, वरची जाळी आणि बर्नर सोडवून तेच सामान 25×25×15 मध्ये बसवलं की 1.9 किलोच्या आत येतं. नुसते बर्नर आणि पंपाचे भाग असतील तर खोकं वहीएवढं पुरतं.

अडचण येते ती तपासणीत. एक्स-रेमध्ये बंद पितळी टाकी, त्यातून वर आलेली नळी आणि आडवी दांडी असं चित्र दिसलं की पार्सल बाजूला निघणारच. सगळे भाग एका थरात, एकमेकांवर न चढवता मांडा आणि उघड्या भागांचा फोटो खोक्यावर चिकटवा. वर्णनात नुसतं ‘स्टोव्ह’ लिहू नका. ‘जुन्या पितळी स्टोव्हचे वापरलेले सुटे भाग, इंधन नाही, दुरुस्तीसाठी’ असं पूर्ण लिहा. काही लपवायचा विचारही नको: धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत रॉकेल हा यूएन 1223, वर्ग 3 चा ज्वलनशील द्रव आहे, आणि टाकीत त्याचा अंश सापडला तर तो न सांगता पाठवलेला धोकादायक माल ठरतो.

टपाल खात्याचं हवाई पार्सल

बर्नर, पंप, झडप अशा लहान आणि जड सामानाला आमची पसंती टपालाला. एक साधा बर्नर पाव किलोच्या आसपास भरतो. सीमाशुल्काचा सीएन 23 फॉर्म स्वच्छ अक्षरात भरा आणि किंमत खरी लिहा. टाकी मात्र टपालाने नको. ती पूर्ण कोरडी असली तरी वासावरून परत येते.

स्वतःच्या बॅगेतून

कोणी युरोपला जाणारच असेल तर टाकीसाठी हाच सर्वांत भरवशाचा मार्ग. आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांप्रमाणे द्रव इंधन वापरलेला रिकामा स्टोव्ह विमान कंपनीच्या परवानगीने चेक-इन सामानात नेता येतो, हातातल्या बॅगेत नाही. परवानगी आधी लेखी घ्या. काउंटरवर पोहोचून विचारणाऱ्याला बहुधा नकारच मिळतो. नियमात तयारीही ठरवून दिलेली आहे: इंधन ओतून टाकी किमान 1 तास निथळायची, मग झाकण काढून किमान 6 तास उघडी ठेवायची. त्यानंतर झाकण घट्ट लावून टाकी शोषक कागदात गुंडाळायची आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधायची.

खरं सांगायचं तर 6 तासांत वास जात नाही. जुन्या टाकीच्या तळाला रॉकेलचा लाखेसारखा चिकट थर असतो आणि वास तोच सोडत राहतो. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घालून तीनदा खळबळा, मग दोन दिवस उन्हात उपडी ठेवा. बर्नरच्या आतल्या नळ्यांतली काजळीही रॉकेल धरून बसते, त्यामुळे तोही साबणाच्या गरम पाण्यात रात्रभर बुडवून फुंकून काढा. घाईने गॅसवर लाल करू नका, जोडाचा डाख सुटतो.

बांधणी

सर्वाधिक नुकसान इथेच होतं. बर्नर टाकीवर ठेवून पाठवला तर बाजूने बसलेला धक्का उभ्या नळीच्या मुळाशी जातो आणि टाकीच्या वरच्या फुगीर भागाला, म्हणजे डोमला, चीर पडते. चांगली टाकी कायमची जाते ती बहुधा अशीच. बर्नर काढताना नळी एका पान्याने धरून दुसऱ्याने फिरवा. खालचा शिशाचा वॉशर फेकून द्या, तो दुसऱ्यांदा बसत नाही. निपलचं भोक साधारण 0.3 मिलिमीटरचं असतं, म्हणून त्यात पिन अडकवून पाठवू नका. ती मोडली की निपलच बाद. पंपाच्या तळाची झडप, तिची स्प्रिंग आणि बूच वेगळ्या डबीत ठेवा. आट्यांवर कागदी टेप गुंडाळा. पंपाचं चामडं सुकलेलं असलं तरी राहू द्या, कारागिराला माप त्यावरूनच कळतं.

रबरबँड मात्र पितळाला लागू देऊ नका. त्यातल्या गंधकाने काळे पट्टे उमटतात, सुतळीच बरी. पाठवण्याआधी चकाकी आणायचा मोहही टाळा. अमोनिया असलेलं पॉलिश ताणाखालच्या पातळ पितळाला चिरा पाडतं, आणि असलेली चीर पॉलिशच्या पांढऱ्या गाळाखाली झाकली जाते. पावसाळ्यात मुंबईहून पाठवताना सिलिका जेलच्या दोन पुड्या घाला.

कागदपत्रं

इथे बहुतेक जण गाफील राहतात. 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली 100 वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. प्रायमसच्या टाकीवर वर्षाचं अक्षर कोरलेलं असतं, ते आधी वाचा. शंभरीच्या आसपासचा स्टोव्ह असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय बुकिंग करू नका. निर्यातीच्या कागदावर ‘दुरुस्तीसाठी, परत येणार’ अशी नोंद आणि खुणांचे फोटो हवेत. परतीला शुल्क दुरुस्तीचा खर्च, विमा आणि दोन्ही बाजूंचं भाडं यांवरच लागावं, यासाठी हीच नोंद दाखवावी लागते. ती नसेल तर आपलाच स्टोव्ह नव्याने विकत आणल्यासारखा पूर्ण किमतीवर शुल्क भरून सोडवावा लागतो.

थोडक्यात बर्नर-पंपासाठी टपाल, घाई असेल तर कुरिअर, टाकीसाठी ओळखीच्या प्रवाशाची चेक-इन बॅग. अख्खा जोडलेला स्टोव्ह यांपैकी कशानेही पाठवू नये.