मॅनेज्ड स्विचवरचं क्यूओएस: दिवाळीपासून वापरल्यावर

मागच्या दिवाळीत ऑफिसातला साधा स्विच काढून २४ पोर्टचा गिगाबिट मॅनेज्ड स्विच बसवला, म्हणजे ज्यात क्यूओएस (कोणत्या डेटाला आधी वाट द्यायची ते) ठरवता येतं असा. ऑफिस कर सल्लागाराचं. आयपी फोन, टॅलीची मशीन्स, कॅमेरे आणि भर कामाच्या वेळी क्लाउडवर बॅकअप चढवणारी एक नॅस (नेटवर्कला जोडलेली साठवणपेटी). बॅकअप सुरू झाला की आपला आवाज फोनवर पलीकडच्याला तुटक जायचा, एवढीच तक्रार. (बॅकअप रात्री का नाही? रात्री विजेचा मेन स्विच बंद करूनच कुलूप लावायचं, यावर मालक ठाम आहेत.) कंपनीचं नाव देत नाही, पुढचं सगळं या वर्गातल्या बहुतेक स्विचना लागू पडतं.

आयपी फोन आवाजाच्या पॅकेटवर (डेटाच्या तुकड्यांवर) बहुधा स्वतःच डीएससीपी ४६ ही प्राधान्याची खूण लावतात. स्विचमध्ये ‘ट्रस्ट डीएससीपी’ निवडलं की ती पॅकेट वरच्या रांगेत जातात. मॅन्युअल इथंच थांबतं, आणि एवढ्याने फोनवर काडीचा फरक पडत नाही. कारण स्विच ते राउटर ही केबल १ गिगाबिटची, आणि ब्रॉडबँडचा अपलोड १०० एमबीपीएस. स्विचच्या त्या पोर्टवर गर्दी होतच नाही, आलेलं पॅकेट लगेच पुढे जातं. खोळंबा होतो पलीकडे राउटरमध्ये, आणि तिथे आपल्या खुणेला कुणी विचारत नाही. रांगच नसेल तर पुढे कुणाला सोडणार?

म्हणून राउटरकडच्या पोर्टवर एग्रेस शेपिंग (बाहेर जाणारा वेग रोखून जादा पॅकेट रांगेत थांबवणं) लावलं, ९० एमबीपीएसवर. आता गर्दी स्विचमध्येच अडते, तिथेच रांगा लागतात आणि फोनला वाट मिळते. त्या दिवसापासून बॅकअप चालू असतानाही आवाज स्वच्छ आहे. विकत घेतलेल्या वेगातला दहावा हिस्सा मुद्दाम सोडायचा, हे मालकांच्या गळी उतरवणं मात्र सेटिंगपेक्षा अवघड गेलं.

फोनची रांग स्ट्रिक्ट प्रायॉरिटी (नेहमी सगळ्यांच्या आधी), बाकीच्या वेटेड राउंड रॉबिन (ठरलेल्या वाट्याने आळीपाळीने). जी.७११ (फोनच्या आवाजाची नेहमीची पद्धत) चा एक कॉल इथरनेटवर एका दिशेने साधारण ८७ केबीपीएस घेतो, म्हणजे दहा कॉल मिळूनही १ एमबीपीएस भरत नाही. स्ट्रिक्ट दिलं तरी बाकीचे उपाशी राहत नाहीत. कॅमेऱ्यांना हा मान देऊ नका, ते सगळं खाऊन टाकतील. आणखी एक गंमत: ८०२.१पी या इथरनेटवरच्या प्राधान्याच्या मानकात ० ते ७ प्राधान्य असतं, पण १ चा दर्जा ० च्याही खाली. तो पार्श्वभूमीच्या कामांसाठी राखलेला. बॅकअपला १ द्यायचं ते ‘थोडं वर’ म्हणून नव्हे, ‘सगळ्यात खाली’ म्हणून.

नॅसच्या पोर्टवर इन्ग्रेस रेट लिमिट (आत येणाऱ्या वेगावर मर्यादा) लावूनही पाहिलं. ते पॅकेट रांगेत ठेवत नाही, मर्यादेवरचं सरळ टाकून देतं. बर्स्ट साइझ (एकदम किती डेटा चालवून घ्यायचा ते) लहान असेल तर टीसीपी, म्हणजे डेटा पाठवण्याचा नेहमीचा प्रोटोकॉल, सारखं मागे सरतं आणि प्रत्यक्ष वेग ठरवलेल्या आकड्याच्या बराच खाली राहतो. बर्स्ट वाढवल्यावर सुधारलं, तरी शेपिंग लागल्यावर त्याची गरज उरली नाही, काढून टाकलं.

डाउनलोडच्या बाजूला या स्विचचा फारसा उपयोग नाही. बाहेरून येणाऱ्या पॅकेटवरच्या खुणा वाटेत बहुधा पुसल्या जातात, आणि गर्दी आपल्यापर्यंत पोहोचायच्या आधीच झालेली असते. ते काम राउटरवर एफक्यू-कोडेलला (रांगा लहान ठेवणाऱ्या पद्धतीला) दिलंय.

वेब पान हळू आहे, आणि ‘अप्लाय’ दाबलं तरी ‘सेव्ह कॉन्फिग’ वेगळं दाबावं लागतं, नाहीतर वीज गेली की सगळं मूळपदावर. आमच्याकडे तर ती रोजच जाते.

घेणार असाल तर खोक्यावर ‘क्यूओएस’ छापलंय एवढ्यावर जाऊ नका. स्वस्त मॉडेलमध्ये बहुधा रांगा चारच असतात. लहान ऑफिसला तेवढ्या पुरतात. डेटाशीटमध्ये प्रत्येक पोर्टला एग्रेस शेपिंग आहे का, ते आधी बघा. ते नसेल तर आठ रांगा असूनही तुमच्या फोनला त्यांचा उपयोग नाही.